मामूचा डबा आणि राजाचा ग्रंथ

मराठी विषय घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला काही गोष्टी म्हातारपणीही विसरता येत नाहीत. श्रवणबेळगोळचा शिलालेख, मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११०, आणि 'मानसोल्लास' शके १०५१. यांपैकी एकावर तरी परीक्षेत टीप यायचीच. 'मानसोल्लास'ची टीप ठरलेली होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात गाण्याच्या प्रकरणात काही मराठी ओळी आल्या आहेत, आणि त्या आपल्या भाषेतल्या सगळ्यात जुन्या पद्यरचनांत मोडतात. एवढं लिहिलं की गुण मिळत. मलाही मिळाले.

त्या ओळी कशाबद्दल आहेत, हे मात्र वर्गात कुणी फारसं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दशावताराच्या स्तुतीच्या आहेत, आणि त्यांची सुरुवात होते माशापासून. पाताळात गेलेले वेद माशाचं रूप घेऊन वर आणणाऱ्या देवाचं ते वर्णन आहे. म्हणजे मराठी कवितेचा जो अगदी जुना तुकडा आज आपल्या हाताशी आहे, त्यात पहिला जो जीव दिसतो तो मासा आहे. मी कविता लिहितो, म्हणून मला याचं जरा जास्तच अप्रूप वाटतं, हे कबूल करतो.

पण आज मला सांगायचं आहे ते याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका प्रकरणाबद्दल. त्याचं नाव 'मत्स्यविनोद'. मासे गळाने कसे धरावेत, कोणता मासा कुठे राहतो, आणि कोणत्या माशाला कोणतं आमिष लावावं, हे त्यात राजाने सांगितलं आहे. बी. ए.ला असताना ते मला कळलं असतं, तर मी धावत माझ्या मामूकडे गेलो असतो. ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

आधी राजाविषयी थोडंसं. कल्याणी म्हणजे मुंबईजवळचं कल्याण नव्हे. आज बिदर जिल्ह्यात असलेलं बसवकल्याण, ते. सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य हा मोठा पराक्रमी राजा. त्याच्या राण्यांपैकी चंदलदेवी ही शिलाहारांची मुलगी, म्हणजे आपल्या कऱ्हाड-कोल्हापूरच्या अंगाची. मुलाला लढायांपेक्षा पुस्तकांत रस असावा. 'सर्वज्ञ' अशी पदवी त्याला होती आणि ती त्याने मनावर घेतलेली दिसते. 'मानसोल्लास'चे पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणं, अशी एकूण शंभर. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं, इथपासून औषधं, हत्ती, रत्नं, चित्रकला, गाणं, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी, स्वयंपाक असं सगळं त्यात आहे. माशाचे तुकडे करून, चिंचेचा कोळ लावून तळण्याची कृतीही आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला त्याचा पहिला खंड १९२५ साली छापला गेला, तेव्हा कुठे तो अभ्यासकांच्या हाती आला.

'मत्स्यविनोद' प्रकरणाकडे संस्कृतच्या पंडितांपेक्षा एका प्राणिशास्त्रज्ञाचं लक्ष जास्त गेलं. सुंदरलाल होरा त्यांचं नाव. भारताच्या प्राणिसर्वेक्षण विभागाचे ते संचालक होते आणि आयुष्यभर त्यांनी माशांचा अभ्यास केला. १९५१ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या प्रकरणावर लेख लिहिला. समुद्रातले आणि नदीतले मिळून पस्तीसेक मासे या प्रकरणात येतात. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे, मोठे वेगळे, लहान वेगळे. कोण खोल पाण्यात राहतो, कोण दगडांच्या आसऱ्याला, कोण वाळूवर. मग त्यांचं खाणं. काहींना पिठाचे गोळे, काहींना मांस. आणि मुख्य म्हणजे हे खाणं गळाला लावण्याआधी काही दिवस माशांना नेमाने घालायचं, म्हणजे ते त्या जागेला सरावतात आणि पुष्टही होतात. दोर कोणत्या झाडांच्या तंतूंचा वळावा, काठी कशी असावी, गळ कसा असावा, तेही आहे.

इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ सालचं मानतात. वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक १६५३चं. कल्याणीचा राजा त्या पहिल्या पुस्तकाच्याही साडेतीनशे वर्षं आधीचा. हे मी छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. इलियन नावाच्या रोमन लेखकाने त्याच्याही हजारेक वर्षं आधी मॅसेडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून, कोंबड्याची दोन पिसं बांधून माशीचा भास करतात आणि मासे धरतात, असं लिहून ठेवलं आहे. माशाला फसवण्याची अक्कल कुठल्या एका देशाची नाही. पण कोणत्या माशाला कशाने फसवायचं, हा हिशेब ज्या त्या पाण्याचाच असतो.

आता मामूकडे येतो.

माझ्या आईचा हा धाकटा भाऊ. सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. शाळा तिसरीपर्यंत. त्याच्याकडे चहापत्तीचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात गळ, शिशाचे तुकडे, तंगुसाची गुंडाळी आणि एक मोराचं पीस. चिव्याची काठी घराच्या आढ्याला अडकवलेली असे. आठवड्याच्या सुट्टीला तो पहाटे निघायचा आणि मी त्याच्या सायकलीच्या मागे. कधी पंचगंगा, कधी रंकाळा, कधी कुणाच्या ओळखीने गावाकडचा एखादा पाझर तलाव. आमच्या घरात त्याचं एका बाबतीत कौतुक व्हायचं. कोंबडं आणलं तर ते कुणी हलाल केलं हा प्रश्न यायचा, माशाला तो प्रश्न नाही. नऊ वर्षांच्या पोरानेसुद्धा मासा आणून आईच्या हातात द्यावा आणि तिने तो बिनदिक्कत चुलीवर चढवावा. पोराला केवढी ऐट वाटत असेल, विचार करा.

काठावर गेल्यावर मामू लगेच काठी सोडत नसे. "पैले पानी देख," म्हणायचा. पाच-दहा मिनिटं तो नुसता बसायचा. बुडबुडे कुठे येतात, शेवाळ कुठे हलतं, पाण्यावर माश्या बसतात का, वारा कुठल्या काठाला कचरा लोटतोय. मग डबा उघडायचा. त्यात चारा नसे. चाऱ्याचं वेगळं गाठोडं असायचं आणि त्यात चार-पाच पुड्या.

एका पुडीत घाण्यावरची शेंगपेंड आणि फुटाण्याचं पीठ. ते पाण्यात कालवून त्याची करवंदाएवढी गोळी करायची. ती रोहूला, मृगळाला, कटल्याला. या माशांच्या जबड्यात दात नसतात. जे आहेत ते घशात. ते खाणं चावत नाहीत, तोंड पुढे काढून ओढून घेतात. म्हणून गोळी मऊ हवी, आणि तिच्यात लपलेला गळ लहान हवा. तिन्ही मासे दिसायला भाऊबंद, पण मामू त्यांचं तोंड दाखवायचा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात चरतो, त्याच्यासाठी गोळी तरंगती ठेवायची. मृगळाचं तोंड खाली, तो तळ हुंगत फिरतो, त्याच्यासाठी शिसं लावून गोळी चिखलावर बसवायची. रोहू मधला. "तोंड देख, पता चलता है क्या खाता," असं तो म्हणायचा. मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात पुढे मी हेच वाचलं, जरा लांबलचक वाक्यांत.

दुसऱ्या पुडीत ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं. ती वामीला. वाम म्हणजे सापासारखा लांब, टोकदार नाकाचा मासा. दिवसा दगडाखाली पडून राहतो, अंधार पडला की तळाशी हिंडतो. तिसऱ्या पुडीतल्या वस्तूला इतका वास यायचा की आई ती पुडी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. कोंबडीची आतडी. ती शिंगाळ्याला. शिंगाळ्याला लांब मिशा असतात आणि त्या मिशांना चव कळते. आपल्या जिभेवर जे असतं ते त्याच्या मिशांवर असतं. गढूळ पाण्यात, रात्रीच्या काळोखात तो डोळ्यांनी नव्हे तर मिशांनी अन्न शोधतो. म्हणून त्याला रंग दाखवून उपयोग नाही, वास सोडावा लागतो.

आणि मरळ. मरळीची गोष्टच न्यारी. तिला पेंड दाखवा, कणीक दाखवा, ती ढुंकून बघणार नाही. तिला हलणारं काहीतरी हवं. पाणवेलींच्या आड ती दबा धरून असते, आणि बेडकी किंवा लहान मासा पाण्यावरून सरकला की बाणासारखी येते. मामू जिवंत बेडकी लावायचा. मला ते बघवत नसे, मी तोंड फिरवायचो आणि तो हसायचा. पण मरळीच्या बाबतीत त्याचा एक कायदा होता. पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका फिरताना दिसला की काठी गुंडाळायची. त्या घोळक्याखाली आई-बाप असतात, पिलांच्या राखणीला. घोळक्यात काहीही पडलं की ते त्याच्यावर तुटून पडतात. म्हणजे मरळ धरायला त्याच्याइतकी सोपी वेळ दुसरी नाही. "वो भूक से नहीं आती उस टाइम," मामू म्हणायचा. भुकेने येणाऱ्या माशाला फसवायचं, पिलांसाठी येणाऱ्याला नाही. हा कायदा त्याला कुणी शिकवला, कोण जाणे.

नदीच्या वरच्या अंगाला, जिथे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अजून एकत्र आलेल्या नाहीत, तिथल्या एका माशाबद्दल तो नुसताच बोलायचा. खडशी. इंग्रज लोक ज्याला महसीर म्हणत, त्या कुळातला हा मोठ्या खवल्यांचा मासा. काठावरचं उंबर पिकलं आणि फळं पाण्यात टपटप पडू लागली की खडशी त्या झाडाखाली येते, म्हणून गळाला उंबर लावायचं. हे त्याने त्याच्या लहानपणी पाहिलेलं. मी काही पाहिलं नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, की बाराव्या शतकातल्या राजाचा ग्रंथ आणि सायकल दुकानातल्या माणसाचं गाठोडं यांची मांडणी एकच आहे. खवल्यांचा की बिनखवल्यांचा, वर की खाली, पीठ की मांस. राजाला ते कुणीतरी सांगितलं असणार. तो स्वतः काही चिखलात बसून बेडक्या पकडत नव्हता. कल्याणीच्या आसपासचे जे मासे धरणारे होते, त्यांच्या तोंडचं ज्ञान कुणीतरी ऐकलं, संस्कृतच्या छंदात बसवलं आणि त्यावर राजाचं नाव आलं. मामूने ते राजाकडून घेतलेलं नाही. दोघांनीही एकाच शाळेतून घेतलं, आणि त्या शाळेला छप्पर नव्हतं.

आपल्या भागात तळ्यांना तोटा कधीच नव्हता. सोमेश्वराच्या काळात कोल्हापुरावर चालुक्यांचे मांडलिक म्हणून शिलाहार गंडरादित्य राज्य करत होता. त्याने मिरज प्रांतात इरुकुडी गावी 'गंडसमुद्र' नावाचं मोठं तळं खोदवलं आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची स्थापना केली, असं ताम्रपट सांगतो. (एका तळ्याच्या काठावर तीन धर्म सुखाने बसू शकत होते, याची नोंद जाता जाता करून ठेवतो.) रंकाळ्याची तर आख्यायिका सर्वांना माहीत आहे. दगडाची खाण होती, भूकंपात जमीन खचली आणि पाणी भरलं. नंतर कोटितीर्थ, कळंबा, राजाराम तलाव, आणि शाहू महाराजांनी १९०८च्या सुमारास भोगावतीवर सुरू केलेलं राधानगरीचं धरण. एवढं पाणी, आणि त्या पाण्यातल्या माशांचा इतिहास मात्र कोरा.

असं का झालं असावं? कोल्हापूर संस्थानात शिकारीचा इतिहास काही कमी नाही. चित्ता पाळून, शिकवून, त्याला हरणावर सोडण्याची शिकार इथे अगदी विसाव्या शतकापर्यंत चालली. त्याचे फोटो आहेत, चित्रफिती आहेत, चित्ते सांभाळणाऱ्या घराण्यांच्या आठवणी आहेत. गंमत म्हणजे चित्त्याकडून शिकार करवण्याचा भारतातला अगदी जुना उल्लेखही 'मानसोल्लास'मध्येच सापडतो. सोमेश्वराने चित्ता आणि गळ दोन्ही एकाच ग्रंथात राजाच्या करमणुकीत बसवले. पुढच्या आठशे वर्षांत चित्ता राजवाड्यात राहिला आणि गळ गरिबाच्या आढ्याला गेला. आणि जी गोष्ट गरिबाच्या घरात जाते तिची बखर होत नाही.

मासे धरणाऱ्यांचं ऐकून लिहून घेणारा पुढचा माणूस आला तो इंग्रज. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४पासून काही वर्षं मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. गावोगाव फिरताना त्याने पिकं, पक्षी, प्राणी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८मध्ये वाचला गेला. या निबंधात त्याने एक गोष्ट केली, तिच्यासाठी मी त्याचे हजार गुन्हे माफ करायला तयार आहे. नव्या माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने साहेबांची नावं दिली, पण पुष्कळ वेळा आपल्या लोकांच्या तोंडची मराठी नावंच उचलली. म्हणून आजही जगाच्या शास्त्रात शिंगाळ्याचं नाव 'स्पेराटा सीनघाला' आहे. मळ्याचं नाव 'गारा मुल्या' आहे. 'कोलस' आहे, 'बोगट' आहे. आणि खडशीच्या कुळाचं नाव आहे 'टॉर खुद्री'. साहेबाच्या कानाला ते तसं ऐकू आलं.

पुण्याच्या मुळा-मुठेच्या काठावर किंवा आणखी कुठे, कुठल्याशा भोयाने किंवा कोळ्याने टोपलीतला मासा उचलून 'ह्ये शिंगाळा' असं सांगितलं असेल. तो शब्द लंडनला गेला, छापला गेला आणि लॅटिनच्या पंगतीत जाऊन बसला. सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठे नाही. मराठी शब्द जगभर गेल्याचा आनंद आपण साजरा करतो, तेव्हा या शब्दाची आठवण कुणी काढलेली मी ऐकली नाही. साहित्य संमेलनात तर नाहीच.

साइक्सनंतर हौशी साहेब आले. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री थॉमसने १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर इंग्रजीत पुस्तकच लिहिलं. या मंडळींनी आपल्याकडे एक नवी वस्तू आणली, ती म्हणजे खोटं आमिष. चमच्याच्या आकाराचा चकचकीत पत्रा. दोरी ओढली की तो पाण्यात गरगरतो आणि महसीरला वाटतं लहान मासाच पळतोय. या चमच्याचं पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल नावाच्या माणसाने १८५२ साली घेतलं होतं. तिकडे पुढे लाकडाचे बेडूक आले, मग प्लास्टिकचे मासे, रबराची गांडुळं. अमेरिकेतल्या लहान तळ्यांत बास नावाचा एक मासा असतो, मरळीसारखाच पाणवेलीआड दबा धरून बसणारा. आणि क्रॅपी नावाचा एक, मऊ ओठांचा, बेताचाच घास घेणारा. तिथल्या बाजारात एकासाठी मोठं, उड्या मारणारं आमिष आणि दुसऱ्यासाठी बोटाच्या पेराएवढं, हळू बुडणारं. शेकडो प्रकार आणि त्यांचे कोट्यवधी डॉलरचे कारखाने. पण मूळ हिशेब तोच. तोंड बघ, म्हणजे काय खातो ते कळेल.

माझ्या भाच्याने मध्यंतरी असा एक रबराचा बेडूक मागवला. पाकिटावर बासचं चित्र. म्हटलं, हा मासा हिंदुस्थानात नाही, तू काय धरणार? तर त्याच बेडकावर त्याने एका शेततळ्यात मरळ काढून दाखवली. अमेरिकेतल्या माशाची सवय आणि आपल्या मरळीची सवय इतकी सारखी, की एकाचं सोंग दुसरीला चाललं. शिवाय खरी बेडकी वाचली, हे मला विशेष आवडलं. मामू असता तर त्याने तो बेडूक उलटासुलटा करून बघितला असता आणि किंमत विचारून परत दिला असता.

पण आता जे सांगायचं आहे ते आनंदाचं नाही.

मामूच्या गाठोड्यातल्या पुड्या एकेक करून निरुपयोगी झाल्या. गंमत अशी, की ज्याला मी इतका वेळ आपला म्हणतोय त्यातलाही काही भाग मुळात आपला नव्हता. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. १० जुलै १९५७ रोजी कटकला हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या कुळातल्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. त्यानंतर त्यांचं बीज देशभरच्या तळ्यांत सोडणं सोपं झालं. यात वाईट काही नव्हतं, गरिबाच्या ताटात मासा आला. त्याआधी १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया भारतात आणला होता. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. हा मासा घाणीत जगतो, कमी प्राणवायूत जगतो, मिळेल ते खातो, आणि एकदा एका तळ्यात शिरला की त्याची पिल्लं मोजायच्या पलीकडे जातात. नंतर आला आफ्रिकन मांगूर. त्याच्या पालनावर २००० साली बंदी आली, तरी तो चोरून वाढवला जातच राहिला.

पाहुणे आले म्हणून घरचे गेले, इतकं हे सरळ नाही. घरच्यांना आधी घरच राहिलं नाही. रंकाळ्यात शहराचं सांडपाणी मिसळत राहिलं, जलपर्णी पसरली, पुढे निळं-हिरवं शेवाळ आलं. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी तुम्ही याच वर्तमानपत्रात किती वेळा वाचली असेल. मासे मरतात ते बहुतेक पहाटे. रात्रभर शेवाळ आणि कुजणारी घाण पाण्यातला प्राणवायू खाते आणि उजाडताना तो संपलेला असतो. स्वच्छ, वाहत्या पाण्याची सवय असलेले मासे तेव्हा आधी जातात. मरळ वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून तग धरते. चिलापी तग धरते. ज्या माशाला निवडून, पारखून चारा लावावा लागायचा तो जातो, आणि ज्याला काहीही चालतं तो राहतो.

खडशीचं तर आणखी वेगळंच झालं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात या माशाची पैदास सुरू केली. मासा वाचावा हा हेतू चांगलाच होता. पण तिथली पिल्लं दूर कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली आणि तिथला मूळचा, पाठीला कुबड असलेला महसीर मागे हटला. २०१८मध्ये त्या मूळ माशाची नोंद अगदी धोक्यात आलेल्या जातींत झाली. एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात पाहुणा म्हणूनही कसा वागेल, हे आधी कुणाला सांगता आलं नाही.

'आमिष' या शब्दाचीही थोडी गंमत सांगतो, कवी आहे म्हणून. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. बंगाल्यांच्या 'निरामिष' जेवणात तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत मात्र तो माशाच्या गळावरून घसरत घसरत वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर आला. नोकरीचं आमिष, जादा व्याजाचं आमिष, लग्नाचं आमिष. आज कुणाला आमिष म्हटलं तर त्याला फसवणूकच आठवते. मामूच्या पुडीत फसवणूक होतीच, नाकारत नाही. पण फसवण्याआधी त्याला समोरच्याची इतकी माहिती करून घ्यावी लागायची, की तिला दुसरा एखादा शब्द असता तर बरं झालं असतं.

कॉलेजात गेल्यावर मी मामूबरोबर जाणं सोडलं. माझ्या कविता छापून यायला लागल्या होत्या. सायकलीच्या मागे वासाची पुडी धरून बसलेला कवी कुणी बघितला तर काय म्हणेल, अशी लाज वाटायची. त्या वयात माणूस किती मूर्ख असतो. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लेखात होरांच्या संशोधनाचा उल्लेख वाचला, 'मत्स्यविनोद' हे नाव वाचलं, आणि थेट मामूच्या घरी गेलो. वही-पेन घेऊन गेलो होतो. कोणत्या माशाला काय, कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात, सगळं लिहून घ्यायचं ठरवलं होतं.

त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ऐकू यायचं, कळायचं, पण शब्द फुटत नव्हते. मी त्याला सांगितलं, नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने गळावर लिहून ठेवलंय, तुझ्यासारखंच लिहिलंय, आधी चार दिवस चारा टाकून मासे सरावून घ्या म्हणतो. त्याने मान हलवली, बरोबर आहे म्हणून. मग चांगला असलेला हात वर केला आणि अंगठा आणि तर्जनीमध्ये अंतर धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय विचारायचं आहे ते समजायला मला वेळ लागला. राजाचा गळ केवढा होता, असं तो विचारत होता. मला सांगता आलं नाही. वही कोरीच परत आणली. वर जे सांगितलं ते माझ्या लहानपणच्या आठवणीतलं, म्हणजे त्याला जे माहीत होतं त्याचा चौथा हिस्साही नसेल.

डबा आता माझ्याकडे आहे. मोराचं पीस झिजून गेलं, गळांना गंज आहे.

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना काठावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा गळ टाकून बसलेला दिसला. शेजारी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सात-आठ चिलापी. सगळ्या एका मापाच्या, तळहाताएवढ्या. मी विचारलं, कशावर काढल्यास? तो म्हणाला, पावावर. गांडूळ लावून बघितलंस का? "कशाला? पावावर येतंय की." मी त्याला म्हटलं, माझ्या घरी एक डबा आहे, त्यात वेगवेगळ्या मापाचे अकरा गळ आहेत, बघायला ये एकदा. त्याने काठीवरची नजर न काढता विचारलं,

"एवढं कशाला लागायचं, काका?"